अकरा वाजता या

छत्तीस वर्षे बँकेत काउंटरवर काढली. निवृत्तीनंतर वेळच वेळ असेल, पोथी-पारायण निवांत होईल, असे वाटत होते. झाले उलटेच. चहा, पेपर, मोबाईलवरचे सुप्रभात, की वाजले अकरा! माझी कुरकुर ऐकून मुलाने वेळेच्या नियोजनाची चार पुस्तके आणून दिली. म्हणाला, "बाबा, एवढी वाचाच."

वाचली, आणि खोटे कशाला बोलू, आवडली. जेम्स क्लिअर यांच्या २०१८च्या ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’मध्ये हिशेब आहे की, रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर माणूस सदतीसपट सुधारतो. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिले, ३७.७८ येतात. गणित बरोबर आहे. पण चक्रवाढ व्याज मुद्दलाला हात न लावणाऱ्याला मिळते, आणि आपण तर रोज थोडे थोडे मुद्दल उचलतच असतो. ऑलिव्हर बर्कमन यांच्या पुस्तकाचे नावच ‘फोर थाउजंड वीक्स’. ऐंशी वर्षांचे आयुष्य म्हणजे साधारण चार हजार आठवडे. मी सदुसष्टचा, म्हणजे ३,४८४ खर्ची पडले. शिल्लक ५१६. त्या रात्री झोप लागली नाही.

स्टीफन कोवी यांच्या १९८९च्या ‘सेव्हन हॅबिट्स’मध्ये चार चौकोन आहेत. तातडीचे आणि महत्त्वाचे, महत्त्वाचे पण तातडीचे नाही, असे. तिसरा चौकोन तातडीच्या पण बिनमहत्त्वाच्या कामांचा. मध्येच येणारे व्यत्यय आणि काही फोन त्यात टाकले आहेत. मी वेळापत्रक आखले. पहाटे पाचला उठायचे, सहा ते नऊ पोथी आणि वाचन, फोन बंद. आमच्या सोसायटीतले लोक माझ्याकडे पंधरा-एच फॉर्म, हयातीचा दाखला, वारसनोंद असली कामे घेऊन कधीही येत. त्यांना अकरा ते बारा. फायदा झाला, हे सांगितलेच पाहिजे. त्या वर्षी गुरुचरित्राचा सप्ताह प्रथमच मनासारखा पार पडला.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी साडेआठला खालच्या मजल्यावरच्या आजी दारात आल्या. हातात लांबट लिफाफा. मी पुस्तकातून मान वर न करता हात दाखवला, "अकरा वाजता या." "बरं बरं," म्हणून त्या जिना उतरल्या. अकराला आल्या नाहीत. बाराला नाहीत. त्या दिवशी पारायण नव्हते. असते तर निदान तेवढे तरी सांगता आले असते. मी एकाग्रतेवरचे प्रकरण वाचत होतो.

पुढे कळले की त्यांनी ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतले. लिफाफ्यात काय होते ते मला आजतागायत माहीत नाही. भेटल्या की हसतात. पण आमच्या मजल्यावर काही काम निघाले तर दारावरून जाताना चपला हातात घेतात, माझ्या वाचनात खंड नको म्हणून. तो राग असता तर बरे झाले असते.

आपण दत्तभक्त अवधूताचे चोवीस गुरू लहानपणापासून ऐकत आलो. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा. त्यात बाण करणारा कारागीर आहे. कामात इतका गढलेला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. माझ्या बाजूने मी हाच दाखला देत असे. पण तो राजा होता! राजाचे काही त्या कारागिरावाचून अडले नव्हते.

आणि दुसरी ती कुमारी. घरचे बाहेर गेलेले, तिला मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या, तिला लाज वाटली. म्हणून तिने एकेक करून त्या उतरवल्या. दोन उरल्या तरी वाजतच होत्या, शेवटी एकच ठेवली. अवधूत यातून एकांत शिकला, आणि तो संन्यासी, त्याचे योग्यच. आपण मात्र गृहस्थ. मला इतक्या वर्षांनी त्या गोष्टीतले पाहुणे दिसले. तिने आवाज बंद केला तो त्यांना जेवू घालण्यासाठी. मी आवाज बंद करताना पाहुण्यालाच जिना उतरायला लावले. पुस्तकांना दोष देत नाही. बिनमहत्त्वाचे कोण, हे कोवींनी नव्हे, मी ठरवले होते.

बँकेत साडेतीन वाजता काउंटरची खिडकी लावताना रांगेत उरलेल्या म्हाताऱ्यांना मी कधी परत पाठवले नाही. कॅश टॅली व्हायला उशीर होई, साहेब चिडत. तेव्हा कुठलेच पुस्तक वाचलेले नव्हते.

यंदा सप्ताहाचे तीन तास सोडून बाकी वेळापत्रक काढून टाकले आहे. काल प्रसादाची वाटी घेऊन खाली गेलो. आजींनी दार उघडले, वाटी घेतली, आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात भाऊ, तुमची वाचायची वेळ ना ही?"