शिरावरचा माळ

पंचविसाव्या वर्षी टक्कल दिसू लागले, तेव्हा मी माळशिरसहून पुण्यास जाऊन कपाळावर पुंजक्यापुंजक्यांनी केस रोवून घेतले. न्यूयॉर्कच्या डॉ. ऑरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडलेले तत्त्व खरेच आहे : डोक्यामागचा केस पुढे लावला, तरी मूळचा चिवटपणा सोडीत नाही. त्याच्या आसपासचे जुने केस मात्र गळतच राहतात. हे मला कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. आज पंचेचाळिशीत पुढे बांधावरच्या गवतासारखी एक ओळ उभी आहे आणि मागे नुसता माळ! गावाचे नाव मी शिरावर सार्थ केले आहे.

वर्गातली मुले हसतात, त्याचे दुःख नाही. पंचविशीतल्या त्या पोराला माझ्या वतीने कायमचा निर्णय घेण्याचा अधिकार कोणी दिला? पण वाचकहो, उद्याच्या म्हाताऱ्याला मी तरी आज कुठे विचारतो?