हुकूम आणि त्याचा अर्थ

बनी इस्राईलची फिरऔनच्या गुलामगिरीतून सुटका झाली, तिची स्मृती म्हणजे यहुदींचा वल्हांडण सण. पौलाने येशूलाच वल्हांडणाचे कोकरू म्हटले. अर्थ पूर्णत्वास गेला, म्हणून विधी बंधनकारक उरला नाही, ही ख्रिस्ती श्रद्धा. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेने ईस्टरही यहुदी कालगणनेपासून वेगळा केला.

अर्थ उमगला म्हणून हुकूम संपतो काय? कुरआननुसार हजरत ईसा (अलै.) तौरातची पुष्टी करण्यास आले, काही बंधने शिथिल झाली, तीही अल्लाहच्याच आदेशाने. मूसा (अलै.) यांच्या त्याच सुटकेच्या स्मरणार्थ प्रेषितांनी (स.) आशूराचा रोजा ठेवला.

मात्र स्वतःलाही विचारा : त्यांनी अर्थ राखून विधी सोडला, आपण कुर्बानीचा विधी राखून तक्वा तर गमावला नाही ना?