तेलाच्या गावाला जाताना

जबलपूरहून भेडाघाटला निघालेल्या गाड्या तेवरला थांबत नाहीत. शहरापासून बारा-तेरा किलोमीटरवर, वाटेतच हे गाव आहे. पण घरी पाहुणे आलेले असतात, संगमरवरी खडकांमधून नावेतून फिरायचं असतं, धुवांधार धबधब्याचे तुषार अंगावर घ्यायचे असतात आणि दुपारच्या आत परतायचंही असतं. तेवर मागे पडतं. हे तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. अकराव्या शतकात गांगेयदेव आणि त्याचा मुलगा कर्ण यांच्या काळात उत्तर हिंदुस्थानातल्या एका बलाढ्य राज्याची राजधानी इथे होती. 1939 साली सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्रिपुरीचं नाव पुन्हा देशभर झालं. त्यानंतर मात्र पुस्तकातच राहिलं.

तेवरला सकाळी जावं, उन्हं तापायच्या आत. गावात जुनी शिल्पं झाडाखाली, ओट्यावर, कुठे घराच्या भिंतीतसुद्धा दिसतात. एखाद्या मूर्तीचा चेहरा झिजून सपाट झालेला असतो, पण गावाने तिला सोडलेलं नसतं. शेंदूर असतो, दोन फुलं असतात, पुढे पणती असते. पणतीखालचा दगड निरखून पाहिला, तर त्यावर तेलाचा काळा, चिकट थर बसलेला दिसतो. बोट लावलं की लगेच निघत नाही. कितीतरी संध्याकाळी कोणीतरी येऊन तिथे दिवा लावला आहे. राजे गेले, राजवाडे जमिनीखाली गेले, दिव्याचं काम मात्र चालू राहिलं. तो थर पाहिला की मनात पहिला प्रश्न राजांचा येत नाही. हे तेल कोणी गाळलं, हा येतो.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या जुन्या शिलालेखांत आहे, आणि त्याचा एक धागा थेट महाराष्ट्रातून निघतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमचा निधी ठेवला, असं तो सांगतो. ही रक्कम तिने सोपवली गोवर्धन गावातल्या कारागिरांच्या श्रेणींकडे, आणि त्यांत तिलपिषकांची, म्हणजे तीळ गाळून तेल काढणाऱ्यांची श्रेणी होती. मुद्दल तसंच ठेवायचं आणि व्याजातून औषधं द्यायची, अशी ती व्यवस्था. सतराशे वर्षांपूर्वी तेल्यांच्या शब्दावर आजाऱ्यांची औषधं चालत होती. ज्याच्या हाती पैसा सुखरूप राहील असा माणूस शोधताना एका बाईला घाण्यावरची माणसं आठवली, हे वाचून मला फार बरं वाटतं.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्या मते याच ईश्वरसेनाने सुरू केलेली कालगणना पुढे कलचुरी-चेदी संवत म्हणून त्रिपुरीच्या राजांनी वापरली. मिराशी 1893 मध्ये कोकणात जन्मले आणि नागपुरात त्यांनी हयात घालवली. त्यांनी संपादित केलेले कलचुरींचे लेख 1955 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमाराला मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी सागर विद्यापीठातर्फे तेवरला उत्खनन केलं. जबलपूरच्या या मातीचा इतिहास उभा करणाऱ्यांत ही दोन मराठी माणसं आहेत. इथल्या मराठी घरांतून त्यांची नावं आज क्वचितच ऐकू येतात, याची मला मनापासून खंत वाटते.

कलचुरींचाच एक मोठा लेख कटनीजवळच्या बिलहरीला सापडला. आता तो नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. राणी नोहलेने बांधलेल्या शिवमंदिराचं वर्णन त्यात आहे. तेवढ्यावर तो थांबत नाही, बाजारातून देवस्थानाला काय काय मिळायचं तेही सांगतो. मीठ आहे, मिरे आणि सुंठ आहे, विकायला आलेले घोडे आणि हत्ती आहेत, आणि त्यांच्याच ओळीत घाणा आहे. घाण्यामागे तेलाचं ठरलेलं माप. देवळाच्या गाभाऱ्यात उजेड हवा असेल, तर गावात कुठेतरी घाणा फिरायला हवा, हे त्या काळी दगडावर लिहून ठेवण्याइतकं महत्त्वाचं होतं.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. एका अखंड खडकात कोरलेलं, अगदी लहानसं. तिथल्या 876 सालच्या लेखात 270 हा आकडा शून्यासह कोरलेला आहे, म्हणून जगभरचे गणिताचे अभ्यासक तो पाहायला येतात. त्याच लेखात पुढे तेल्यांची नावं आहेत, वडिलांच्या नावांसकट. दर महिन्याच्या शुद्ध नवमीला प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल देवाच्या दिव्यासाठी द्यायचं, असा त्यांनी एकमुखाने शब्द दिला होता. शून्य पाहायला जाणाऱ्यांनी या नावांपुढेही दोन क्षण उभं राहावं. अकराशे वर्षांपूर्वीच्या किती कष्टकऱ्यांची नावं आपल्याला माहीत आहेत?

तेलाने नाव मिळवलेली गावं जगात आहेत, आणि त्यांतलं एक मला नेहमी आठवतं. इटलीच्या दक्षिण टोकाला, पुलिया प्रांतात गल्लिपोली नावाचं बंदर आहे. पहिल्या महायुद्धामुळे माहीत असलेलं तुर्कस्तानातलं गल्लिपोली वेगळं. या गावाचा जुना भाग एका लहानशा बेटावर वसलेला आहे, आणि त्याच्या घरांखाली, मऊ दगडात खोदलेल्या तळघरांत जैतुनाचे घाणे आहेत. अठराव्या शतकात इथलं तेल लंडन-पीटर्सबर्गपर्यंत जायचं, आणि ते मुख्यतः खाण्यासाठी नव्हतं, दिव्यांसाठी होतं. युरोपातल्या मोठ्या शहरांचे रस्ते आणि दिवाणखाने या गावाच्या तेलावर उजळत.

घाणे जमिनीखाली का, याचं कारण मला फार बोलकं वाटतं. जैतुनाचं तेल थंडीत गोठतं. तळघरात ऊब टिकते, तेल वाहतं राहतं. पण त्यासाठी माणसं थंडीचे सगळे महिने त्या अंधारात राहत. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं खेचर जातं फिरवायचं, माणसं तिथेच जेवायची, तिथेच झोपायची. दुसऱ्यांच्या घरातल्या उजेडासाठी ही माणसं अर्धं वर्ष सूर्य न पाहता काढत होती. पुढे रॉकेल आलं, गॅस आला आणि तो व्यापार बसला. गल्लिपोलीने मात्र ते घाणे बुजवून टाकले नाहीत. आज तिथे गेलेला माणूस जिना उतरून खाली जातो, दगडी जातं पाहतो, खेचराची जागा पाहतो, मजूर झोपायचे ते कोपरे पाहतो. गावाने आपल्या वैभवाबरोबर आपले कष्टही जपले आहेत. इतिहास जपणं म्हणतात ते हे, असं माझं मत आहे.

जैतून हे झाड. एकदा लावलं की पिढ्यान् पिढ्या फळं देणारं. आपल्याकडे तेल म्हटलं की तीळ, शेंगदाणा, जवस, मोहरी डोळ्यांपुढे येतात, म्हणजे दर वर्षी पेरायची पिकं. पण जबलपूरच्या आसपास, मंडला-डिंडोरीच्या जंगलात, झाडाचं तेलही आहे. ते मोहाचं. मोहाचं नाव काढलं की लोकांना दारूच आठवते, आणि हा त्या झाडावर अन्याय आहे. चैत्रात फुलं पडतात, त्यांचा बोलबाला होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी फळं पिकतात, त्यांतल्या बियांना इकडे गुल्ली म्हणतात. गडचिरोली-भंडाऱ्याकडे टोळ. गोंड-बैगांच्या घरात बाया त्या बिया फोडतात, वाळवतात, गाळून घेतात. निघणारं तेल पिवळसर, दाट. त्यात भाजी होते, दिवा लागतो, थंडीत फुटलेल्या टाचांनाही तेच लावतात. पौषातल्या सकाळी बाटली उलटी केली तरी ते खाली येत नाही, तुपासारखं थिजलेलं असतं. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं की हळूहळू पाझरायला लागतं. गल्लिपोलीच्या मजुरांना जे थिजणं टाळायला जमिनीखाली जावं लागलं, तेच थिजणं मंडल्याची बाई रोज सकाळी चुलीपाशी सोडवते.

दुसरं तेल रामतिळाचं. इथे त्याला जगनीही म्हणतात, आपल्या घरांत ते कारळे. मराठी माणूस कारळ्याची चटणी आवडीने खातो, पण त्याचं शेत फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. डोंगरउतारावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत, जिथे दुसरं काही धड येत नाही, तिथे हे पीक येतं. ऑगस्टमध्ये पेरतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला अख्खे उतार पिवळे होतात. एका झाडाचा पराग त्याच झाडाला बहुधा चालत नाही. मधमाश्या आल्या तरच दाणा भरतो. म्हणून फुलोऱ्यातल्या शेताच्या कडेला उभं राहिलं की आधी गुंजारव कानावर पडतो. तीळ आणि कारळे या दोन पिकांच्या देशभरच्या संशोधनाचं समन्वयाचं काम जबलपुरातूनच, जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या आवारातून चालत आलं. शहरातल्या शंभर माणसांना विचारलं, तर पाच जणांना तरी हे सांगता येईल का? आपले कारळे अमेरिकेतही जातात. तिथे लोक ते अंगणात टांगून पाखरांना घालतात. पाखरांच्या मुखी पडतात हे चांगलंच आहे. पण मंडल्याच्या उतारावरचं तेल जबलपूरच्या स्वयंपाकघरात मात्र पोहोचत नाही, हे काही ठीक नाही.

आणि वेळ फार हातात नाही. 2013 मध्ये गल्लिपोलीच्याच परिसरात जैतुनाच्या झाडांवर झायलेला नावाचा जीवाणू आढळला, आणि पुढच्या काही वर्षांत त्या प्रदेशातली लाखो झाडं उभ्याउभ्या वाळली. शतकानुशतकं जगलेली झाडं डोळ्यांदेखत गेली. लोकांनी शोक केला, ते झगडले, आणि आता रोगाला दाद न देणाऱ्या जाती लावत आहेत. आपल्या मोहावर असं कोणतंही संकट बाहेरून आलेलं नाही. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्यात रोपं जळतात. उरलेल्या बिया आपण वेचून नेतो. जुनी झाडं उभी दिसतात म्हणून सगळं ठीक वाटतं, पण त्यांच्या सावलीत मोहाचं लहान झाड शोधायला गेलं तर सहज सापडत नाही. पाच-पन्नास वर्षांनी ही झाडं म्हातारी होऊन पडतील, तेव्हा मागे काय असेल याची काळजी आज करायला हवी.

तेल गाळणाऱ्या माणसांनी आपल्यासाठी तेलाहून पुष्कळ जास्त राखलं आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे चाकणचे संताजी जगनाडे तेली होते, आणि त्यांचं हे ऋण प्रत्येक वारकरी जाणतो. वर्ध्याला जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने चरख्याइतक्याच जिव्हाळ्याने घाणा हाती घेतला. झवेरभाई पटेलांनी तिथे घाण्यात सुधारणा केली, आणि तो वर्धा घाणा म्हणून ओळखला गेला. बैलाचा त्रास कमी व्हावा आणि तेल जास्त निघावं, या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच वेळी करणारी ती माणसं होती. आज शहरांत लाकडी घाण्याची दुकानं पुन्हा दिसू लागली आहेत. तिथे विजेवर घाणा फिरतो, पण तीळ रगडला जाऊन लगदा होणं, मधूनच शिंपडलेल्या कोमट पाण्याने पेंड कडेला चिकटणं आणि मधे तेल सुटणं, हे सगळं अजून तसंच आहे. मुलांना एकदा तिथे घेऊन जावं. बाटलीतलं तेल कुठून येतं ते त्यांनी पाहिलेलं नसतं.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन भेडाघाटला निघाल तेव्हा तासभर आधी निघा आणि तेवरला थांबा. नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात बिलहरीचा लेख शोधा. मंडल्याकडे कोणी ओळखीचं असेल तर कारळ्याचं तेल मागवा, गुल्लीचं मिळालं तर तेही, आणि जी बाई ते गाळते तिला तिच्या कष्टाचा पुरता दाम द्या, घासाघीस करू नका. शेताच्या बांधावर किंवा घराजवळ मोकळी जागा असेल तर एक मोह लावा. त्याचं बी साठवून ठेवलं की लवकरच उगवेनासं होतं, म्हणून फळातून काढलेलं ताजं बी आषाढातच मातीत घाला. फळ धरायला आठ-दहा वर्षं तरी जातील, त्यामुळे हे काम याच पावसाळ्यात व्हायला हवं.