अगस्तीचे रंग कोणाचे?

माघातल्या रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास लोणंदच्या दक्षिणेला, सालपे घाटाच्या डोंगरांवर अगस्तीचा तारा दिसतो. लोणंदचा अक्षांश सुमारे 18 अंश उत्तर. त्यामुळे हा तारा तिथे क्षितिजापासून 19 अंशांच्या वर कधी जातच नाही. आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध. तो त्याच वेळी 55 अंशांवर जवळपास पांढरा आणि त्या मानाने स्थिर असतो. अगस्ती मात्र क्षितिजाजवळ असताना क्षणात लाल, क्षणात हिरवा, निळा होत थरथरतो. आणि व्याधही उगवताना असाच रंग उधळतो, हे फार महत्त्वाचे आहे. तारा तोच असून उंचीबरोबर त्याचे वागणे बदलत असेल, तर कारण ताऱ्यात नसून वाटेत असले पाहिजे. आज सरळ वाटणाऱ्या या अनुमानापर्यंत पोचायला माणसाला दोन हजार वर्षे लागली.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत अगस्तीला स्वतंत्र अध्याय दिला. अगस्ती कपिल दिसला तर अवर्षण, धुरकट दिसला तर गुरांना अशुभ, थरथरला तर भय, मंजिष्ठेसारखा लाल दिसला तर दुष्काळ आणि युद्ध, अशी फळे त्यात आहेत. ही फळे सोडून द्यावीत. पण त्यांच्यामागचे निरीक्षण सोडून देऊ नये. उज्जैनहून अगस्ती जेमतेम 14 अंश वर येतो, म्हणजे तिथल्या निरीक्षकाला तो कायम दाट हवेतूनच दिसणार. रंग बदलतात आणि तेज थरथरते, या दोन्ही नोंदी बरोबर होत्या. फक्त त्यांचा धनी चुकला. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलने तो धनी डोळ्यात शोधला होता: तारे फार दूर, तिथवर पोचताना आपली दृष्टीच थरथरते, ग्रह जवळ, म्हणून ते स्थिर. ग्रह-ताऱ्यांतला हा फरक त्याने अचूक टिपला. पण उगवता व्याध आणि माथ्याकडे आलेला व्याध आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात, याचे उत्तर त्या विचारात नाही.

1665 मध्ये रॉबर्ट हूकने हवेतल्या असमान वक्रीभवनाकडे बोट दाखवले. 1704 च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये न्यूटनने हवेचा सततचा कंप हेच कारण मानले आणि दुर्बिणी उंच पर्वतांवरच्या शांत हवेत न्याव्यात असे सुचवले. गरम-थंड हवेचे लहानमोठे गोळे प्रकाशाला किंचित वळवतात, कधी एकवटतात, कधी पांगवतात. म्हणून तेज कमीजास्त होते. 19 अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्यापेक्षा सुमारे तिप्पट हवेतून येतो, 5 अंशांवर सुमारे दहापट. रंगांना मात्र आणखी एक कारण लागते. हवा निळ्या किरणांना तांबड्यांपेक्षा जरा जास्त वळवते. त्यामुळे तारा क्षितिजाजवळ असला की डोळ्यात एकत्र पोचणारे निळे आणि तांबडे किरण वरच्या हवेतून वेगवेगळ्या वाटांनी आलेले असतात. त्यांना भेटणारे गोळेही वेगळे. एका क्षणी तांबडा झाकोळतो, पुढच्या क्षणी निळा. माथ्यावर या वाटा एकच असतात, म्हणून तिथे तारा लुकलुकला तरी रंग बदलत नाही.

मग ग्रह का लुकलुकत नाहीत? हवा तर तीच. ग्रह डोळ्यांना ठिपका वाटला तरी त्याला मापण्याजोगी तबकडी असते. गुरूची 30 ते 50 विकला, अगस्तीची एका विकलेच्या शंभराव्या भागाहूनही लहान. तबकडीच्या प्रत्येक भागाचा प्रकाश वेगळ्या वाटेने येतो आणि कमीजास्त मिळून सरासरी निघते. क्षितिजालगत ही सरासरीही अपुरी पडते आणि शुक्रसुद्धा थरथरतो. तारे खरोखर मंद होतात हा आक्षेपही रास्त आहे. 2019-20 च्या हिवाळ्यात मृगातला काक्षी हा तारा ठळकपणे मंदावला होता, पण त्याला आठवडे-महिने लागले. सेकंदात अनेकदा होणारा बदल ताऱ्यातच घडत असता तर तो सगळीकडे सारखाच दिसला असता. प्रत्यक्षात काही मीटर अंतरावरच्या दोन दुर्बिणींना तो निरनिराळा दिसतो.

लुकलुकण्याला केवळ अडथळा मानणे मात्र मला अपुरे वाटते. दुर्बिणीसाठी तो अडथळा आहेच. आंबेगाव तालुक्यातल्या गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोलसंस्थेची 2 मीटर दुर्बीण 2006 मध्ये उभी राहिली, त्यामागे न्यूटनचाच सल्ला आहे. पण थरथर वाटेबद्दल सांगत असेल, तर तिच्यावरून वाट मोजता आली पाहिजे. 1964 मध्ये केंब्रिजला अँटनी ह्यूइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की, सूर्यापासून वाहणाऱ्या सौरवाऱ्यामुळे लहान आकाराचे रेडिओस्रोतही असेच लुकलुकतात, मोठे नाही. असे स्रोत हुडकण्यासाठी उभारलेल्या दुर्बिणीवरच 1967 मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला स्पंदतारा सापडला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गोविंद स्वरूप यांनी 1970 मध्ये उटीच्या उतारावर 530 मीटर लांबीची रेडिओदुर्बीण उभी केली. दूरच्या स्रोतांच्या थरथरीवरून तिच्याद्वारे सौरवाऱ्याचा वेग मोजला जाऊ लागला.