हरवलेले दहा वंश आणि इंग्रजांचें कूळ

(रोमकरांस पत्र ९:६–१३ वाचावें.)

इस्राएलाचे जे दहा वंश अश्शूरी राजानें धरून नेले, तेच भटकत युरोपांत गेले आणि इंग्रज व त्यांचे भाईबंद हे त्यांचेच वंशज होत, असें एक मत विलायतेंत पुष्कळ काळापासून चालत आलें आहे. जॉन विल्सन नांवाच्या गृहस्थानें १८४० सालीं ह्यावर व्याख्यानांचें पुस्तक छापलें. (मुंबईचे मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन ते हे नव्हत.) पुढें एडवर्ड हाइन ह्यानें ह्या नात्याच्या सत्तेचाळीस खुणा मोजून दाखविल्या. हें मत शास्त्राचें नांव घेऊन येतें, म्हणून शास्त्र उघडूनच त्याची परीक्षा करूं.

ख्रि. पू. ७२२ चे सुमारास शोमरोन पडलें व लोक हलह, हाबोर व मेद्यांचीं नगरें येथें नेले गेले, हें २ राजे १७ ह्या अध्यायांत आहे. अश्शूरचा राजा सार्गोन आपल्या लेखांत ह्या बंदिवानांची संख्या २७,२९० सांगतो. एवढे लोक म्हणजे दहाही वंश नव्हेत. मागें उरलेल्यांस हिज्कीया राजानें वल्हांडणासाठीं बोलाविलें, तेव्हां आशेर, मनश्शे व जबुलून ह्यांतील कित्येक नम्र होऊन यरुशलेमेस आले (२ इतिहास ३०:११).

मग इंग्रजांचें नातें कशावरून जुळवितात? बहुतेक शब्दांच्या आवाजावरून. इब्री भाषेंत ‘ब्रीथ’ म्हणजे करार व ‘ईश’ म्हणजे मनुष्य. म्हणून ‘ब्रिटिश’ म्हणजे कराराचे लोक! ह्या हिशेबानें पाटी वाहणारा तो पाटील म्हणावा लागेल. ‘डॅनिश’ व ‘स्पॅनिश’ ह्यांच्या शेवटींही तोच इंग्रजी प्रत्यय आहे. तसेंच ‘सॅक्सन’ म्हणजे ‘आयझॅक्स सन्स’, इसहाकाचे पुत्र, असें ते सांगतात. उलट आमच्या कोंकणांतील बेने इस्राएल पाहा. घाणा चालवून पोट भरीत, पण शब्बाथ दिवशीं तो बंद ठेवीत. शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांचें मूळ कोणत्या वंशांत आहे ह्याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. तरी सुंता व शब्बाथ त्यांनीं सोडिले नाहींत. सॅक्सन लोक ख्रिस्ती होण्यापूर्वीं वोडेन देवास भजत होते.

ह्या नादानें हानिही झाली. आयर्लंडांत तारा येथें कराराचा कोश पुरला आहे असें धरून ह्या पंथाच्या लोकांनीं १८९९ पासून १९०२ पर्यंत प्राचीन टेकाड खणलें. कोश मिळाला नाहीं. टेकाडाची नासाडी मात्र झाली. अमेरिकेंत तर ह्याच झाडास विषारी फांदी फुटली. गोरे तेवढे खरे इस्राएल, आणि यहूदी सैतानाची संतति, असें शिकविणारे लोक तेथें निघाले.

जन्मावरून माणसाची किंमत करण्याची रीत आम्हांस ग्रंथांतून शिकावी लागली नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं ती विहिरीच्या कांठींच सोसली. शुभवर्तमान आणणाऱ्यांचा अधिकार त्यांच्या रक्तांत होता असें एकदां मानलें, कीं आम्ही देवाच्या घरांत मागच्या दारानें आलेले ठरतों, आणि ज्या ओझ्याखालून निघालों तेंच पुन्हां डोक्यावर घेतों. पौल स्वतः बन्यामीन वंशांतला. पण तो काय दाखवितो तें पाहा. इश्माएल अब्राहामाच्याच पोटचा होता, आणि सॅक्सन खरोखर इसहाकाचे पुत्र ठरले, तरी एसावही इसहाकाचाच पुत्र होता!

हर्बर्ट आर्मस्ट्राँग ह्यांच्या अमेरिकन मंडळीनें हें मत वर्षानुवर्षें जगभर पसरविलें. १९८६ सालीं ते वारल्यावर तिच्या पुढाऱ्यांनीं शास्त्र पुन्हां तपासून तें सोडून दिलें. पुष्कळ सभासद त्यामुळें निघून गेले, तरी सोडलें.

कोणी उपदेशकाच्या हातीं असली पुस्तिका दिली, तर त्यानें लूक २:३६ काढून वाचावें. तेथें हन्ना नांवाची वृद्ध विधवा आहे. ती आशेर वंशाची, म्हणजे त्या हरवलेल्या दहांतलीच, आणि रात्रंदिवस यरुशलेमेच्या मंदिरांत असे.