वेड, वेडा आणि आपली जीभ



मराठीत भूक लागते, तहान लागते, झोप लागते. तसेच वेडही लागते. जे लागते ते सुटू शकते, आणि नाही सुटले तरी माणूस माणूसच राहतो. पण ‘वेड लागले’ म्हणता म्हणता आपण ‘वेडा’ म्हणू लागतो. मग त्या माणसाला नाव उरत नाही. गल्लीत तो ‘तो येडा’ एवढाच होतो.

हा शब्द उच्चारणे पाप आहे का? सरसकट तसे म्हणता येणार नाही. आई लेकराला ‘वेडा रे वेडा’ म्हणते, त्यात माया असते. प्रश्न शब्दाचा नाही, आपण त्याच्याकडून करून घेतो त्या कामाचा आहे. ‘तिचं काय ऐकता, ती येडी आहे,’ असे म्हटले की सुनेची तक्रार, भावाचा जमिनीतला वाटा, म्हाताऱ्या आईचे दुखणे, सगळे एका फटक्यात निकालात निघते. शिवीपेक्षा हे भयंकर आहे, कारण यात माणसाची साक्षच काढून घेतली जाते.

म्हातारपणाचेही तेच. आजोबा एकच प्रश्न पाच वेळा विचारतात. घरचे म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी.’ पण स्मृतिभ्रंश हा आजार आहे. थायरॉईडच्या किंवा ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने आलेला विसराळूपणा तर उपचारांनी कमी होऊ शकतो. म्हण लावली की डॉक्टरकडे नेणे राहून जाते.

शब्द बदलून हे सुटेल का? इंग्रजी अमलातला 1912चा कायदा अशा रुग्णांना ‘ल्युनॅटिक’ म्हणे. चंद्राच्या कलांनी डोके फिरते, या जुन्या समजुतीतून तो शब्द आला. 1987च्या कायद्याने तो काढून टाकला. वेड्यांचे इस्पितळ गेले, मनोरुग्णालय आले. तरीही ‘याला येरवड्याला पाठवा’ ही थट्टा राहिलीच, आणि आता ‘मनोरुग्ण’ हीच शिवी झाली आहे. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र मुळाला हात घालतो. केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणाची बुद्धी ठिकाणावर नाही असे धरता येत नाही. ते न्यायालयाने ठरवायचे असते.

मग अशा माणसाविषयी बोलावे कसे? आपल्या धरणगावात 1890 साली जन्मलेल्या बालकवींना ज्या लक्ष्मीबाई टिळकांनी मुलासारखा जीव लावला, त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त याचा एक धडा आहे. 1857च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली. वडिलांनी त्याचा धसका घेतला आणि त्यांना सोवळ्याचे वेड लागले. त्या धुण्याधाण्याचा जाच सगळ्या घराने सोसला. लक्ष्मीबाई तो जाच लपवत नाहीत, पण वडिलांना एका शब्दात मोडीतही काढत नाहीत. दुःख कुठून आले ते सांगतात. वाचताना हसू येते, तरी वडील वडीलच राहतात.

सहाव्या शतकातल्या बोएथियस या तत्त्वज्ञाने व्यक्तीची व्याख्या करताना विवेकशील स्वभावावर भर दिला. स्वभाव म्हणजे त्या क्षणी चालणारी अक्कल नव्हे. झोपलेल्याचा विवेक चालत नाही, म्हणून तो माणूस नाही असे कोणी म्हणत नाही. ज्याची स्मृती विझत चालली आहे, त्यालाही हेच लागू आहे.

आणि आपल्या प्रभूला तरी या शब्दाने कुठे सोडले? त्याचे भान हरपले आहे असे समजून घरचेच त्याला धरून न्यायला निघाले होते (मार्क 3:21). त्या दिवशी त्यांचे ऐकून सगळ्यांनी पाठ फिरवली असती, तर शुभवर्तमान कोणी ऐकले असते?

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. अशा माणसाला आधी नावाने हाक मारा. त्याच्याविषयी त्याच्यासमोर, तो तिथे नाहीच असे समजून बोलू नका. त्याचे म्हणणे पूर्ण ऐका. खरेखोटे मागाहून ठरवा. घरात कोणाचे मन थकले असेल, तर गंडेदोऱ्यांत वेळ न घालवता डॉक्टर गाठा. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.