थकलेले भाडे आणि घरमालकाची कसोटी

आपल्या समाजात अनेक कुटुंबांचा चरितार्थ भाड्याच्या उत्पन्नावर चालतो. कोणी आखातात वर्षानुवर्षे कष्ट करून गावी दोन खोल्या बांधतो, कोणाला वडिलांच्या वारशात एखादा गाळा मिळतो, तर एखाद्या विधवा भगिनीचा सारा संसार एकाच खोलीच्या भाड्यावर उभा असतो. शरीअतमध्ये या व्यवहाराला ‘इजारा’ म्हणतात आणि ही कमाई निःसंशय हलाल आहे. परंतु भाडे थकले, मुदत संपूनही भाडेकरू हलेना, की घरमालकापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो: आपला हक्क वसूल करताना माणसाने कोठवर जावे?

याचे उत्तर वाद सुरू झाल्यावर नव्हे, तर किल्ली हातात देण्यापूर्वीच शोधायला हवे. पवित्र कुरआनची सर्वांत दीर्घ आयत (सूरह अल-बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार नेमण्याविषयी आहे. भाडे किंवा मुदत संदिग्ध राहिली तर फकीहांच्या मते इजाऱ्याचा करारच सदोष ठरतो. तरीही ‘आपलाच माणूस आहे, कागद कशाला?’ असे म्हणून आपण कागद टाळतो आणि पुढे तोच माणूस परका होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तसे न केल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मिळालेल्या भाड्याची पावती देणेही बंधनकारक आहे. कागद हा अविश्वास नव्हे. तो दोघांच्याही ईमानाचे रक्षण करतो.

एवढे करूनही भाडे थकले, तर घरमालकाने आधी स्वतःला विचारावे: हा भाडेकरू देऊ शकत नाही, की देऊ इच्छित नाही? दोघांची थकबाकी सारखीच दिसते, पण शरीअतचा हुकूम वेगळा आहे. पहिल्याविषयी कुरआनचा आदेश स्पष्ट आहे: देणेकरी अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत मुदत द्यावी आणि माफ करणे त्याहून उत्तम (अल-बकरा, 280). अडलेल्या देणेकऱ्यांना सवलत देणाऱ्या एका व्यापाऱ्याला अल्लाहने त्या एकाच सत्कर्मामुळे क्षमा केली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये येते. दुसऱ्याविषयी मात्र प्रेषितांनी (स.) तितकेच कठोर शब्द वापरले आहेत: ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे. नवी मोटारसायकल घेणारा, पण भाड्याच्या वेळी गरिबी सांगणारा भाडेकरू सवलतीचा नव्हे, तर जाबाचा धनी आहे. मुदत संपल्यावर मालकाच्या इच्छेविरुद्ध घर अडवून ठेवणेही हराम आहे.

परंतु समोरचा जुलूम करतो म्हणून आपल्याला जुलमाची मुभा मिळत नाही. पाणी तोडणे, वीज बंद करणे, सामान बाहेर फेकणे, स्त्रिया-मुले घरात असताना दारात माणसे उभी करणे, हे हक्काच्या वसुलीचे मार्ग नव्हेत. अत्यावश्यक सेवा तोडण्यास वरील कायद्यानेही मनाई केली आहे. योग्य मार्ग क्रमाने आहेत: एकांतात स्पष्ट बोलावे, मग दोन्ही बाजूंना मान्य असे दोन जाणते लोक बसवावेत, थकबाकीचे हप्ते ठरवून लिहून घ्यावेत, त्यानेही भागले नाही तर नोटीस द्यावी आणि कायद्याचे दार ठोठवावे. न्यायालयात जाणे सबुरीच्या विरुद्ध नाही. मात्र उशिराबद्दल दंड आकारून तो स्वतःच्या खिशात घालू नये. थकलेले भाडे हे कर्ज आहे आणि कर्जावरची वाढ बहुसंख्य फकीहांच्या मते व्याज ठरते.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहू. भाडेकरूकडून घेतलेली अनामत रक्कम आपण वापरतो, तेव्हा ती आपल्यावर कर्ज होते. ती मुलीच्या लग्नात खर्च झाली आणि घर रिकामे होताना ‘नवा भाडेकरू आला की देतो’ असे सांगावे लागले, तर टाळाटाळीविषयीची तीच हदीस आता आपल्याला लागू होते. मुंबई परिसरात रूढ असलेली ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत तर अधिकच गंभीर आहे. मोठी रक्कम घेऊन नाममात्र भाड्यात किंवा भाड्याविना घर देणे म्हणजे कर्जाच्या मोबदल्यात लाभ देणे होय, म्हणून उलमांनी त्यात व्याजाचा दोष दाखवला आहे. गळके छत दुरुस्त न करता पूर्ण भाडे मागणाऱ्यानेही आपला हिशेब तपासावा. घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

येथे एक रास्त शंका उरते. जिच्या घरात भाड्याच्या पैशांतूनच धान्य येते, त्या विधवेने किती माफ करावे? माफी ही नफिल नेकी आहे. स्वतःची मुले उपाशी ठेवून ती करण्याची सक्ती तिच्यावर नाही. भाडेकरूची खरी अडचण एकट्या मालकाने नव्हे, तर जमाअतने उचलायला हवी. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेल्यांचा समावेश आहे (सूरह अत-तौबा, 60). मोहल्ल्याच्या बैतुलमालने अशा कुटुंबाचे दोन महिन्यांचे भाडे चुकवले, तर एका मदतीत दोन घरे सावरतात. मालक स्वतः जकात देणारा असेल, तर त्याने एक नियम लक्षात ठेवावा: नुसते भाडे माफ करून ते जकातीत मोजणे बहुसंख्य फकीहांच्या मते वैध नाही. भाडेकरू जकातीस पात्र असेल, तर जकात त्याच्या हाती द्यावी. मग त्याने आपल्या मर्जीने त्यातून देणे फेडावे.

घराची किल्ली ही अमानत आहे. ती आपण दुसऱ्याला देतो तेव्हा भाड्यावर आपला हक्क निर्माण होतो. त्या माणसाच्या इज्जतीवर नव्हे. परलोकात थकबाकीची वही उघडेल तेव्हा तिच्यात भाडेकरूचे नाव असेलच, पण मालकाचेही असेल. दोघांच्याही नावापुढे बाकी उरू नये, यासाठी अल्लाह आपल्याला न्यायाने घेण्याची आणि औदार्याने देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.